दासगावचा झिजलेला दोर

महाड-पोलादपूरला मुद्दाम फिरायला म्हणून कोणी जात नाही. रायगड चढायला आलेली मंडळी महाडच्या स्टँडवर चहा पितात, महाबळेश्वरला निघालेली पोलादपूरला पाय मोकळे करायला उतरतात आणि दोघंही पुढे चालू लागतात. गेल्या डिसेंबरात मी तिथे चार दिवस राहून आले. राहून आले म्हणजे काय, तीन दिवस टाळाटाळ केली आणि चौथ्या दिवशी ज्या कामाला गेले होते ते केलं.

काम आधीच सांगून टाकते. माझा धंदा गणिताचा. समुद्राचं पाणी गोठून त्यावर जो बर्फ होतो, तो खालच्या पाण्यामुळे किती वितळेल, याचं गणित मी पुण्यात बसून मांडते. बर्फाखाली पाणी घुसळलं जातं, त्या घुसळणीने खोलवरची ऊब वर येते आणि बर्फाला पोटाकडून खाते. ती घुसळण समीकरणात बसवायची, एवढंच काम. लोक विचारतात, "मग तुम्ही पाहिला असेल ना तो बर्फ?" नाही हो. माझ्या ओळखीचा बर्फ फ्रीजमधला.

आठ वर्षांपूर्वी माझा प्रबंध पुरा झाला, तेव्हा एक प्रत मी उतेकर सरांना पाठवली. महाडच्या शाळेत आठवी ते दहावी मला गणित त्यांनी शिकवलं. प्रबंध इंग्रजीत, सर मराठी माध्यमाचे. ते वाचतील असं माझ्या मनातही नव्हतं. पास झाल्यावर पेढे पाठवतात तसा पाठवला. दोन महिन्यांनी त्यांचं सहा पानी पत्र आलं. मी पहिलं पान वाचलं. 'समीकरणांना भाषा लागत नाही, म्हणून वाचू शकलो. सरासरी काढण्यात काही गफलत झाली आहे असे वाटते,' असं त्यात होतं. मी पोस्टकार्ड टाकलं: 'सर, ही पद्धत सर्वमान्य आहे. आपण एवढ्या आस्थेने पाहिलंत, आभारी आहे.' उरलेली पाच पानं न वाचता फाइलला लावली.

पुढे एका जहाजावरच्या लोकांनी प्रत्यक्ष बर्फाखाली मापं घेतली. माझ्या गणितापेक्षा बर्फ कितीतरी लवकर वितळत होता. चूक कुठे आहे हे शोधायला मला तीन वर्षं लागली. सापडली, दुरुस्त केली, नवा लेख छापून आला, चार जाणत्या माणसांनी पाठ थोपटली. लेखाच्या शेवटी मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचेसुद्धा आभार मानले आहेत.

गेल्या दिवाळीच्या आधी कपाट आवरताना ती फाइल हाती लागली. या वेळी मी सहाही पानं वाचली. जी चूक शोधायला मला तीन वर्षं लागली, ती चौथ्या पानावर होती, निळ्या शाईत, पायरी पायरीने सोडवलेली. मग एस.टी.चं वेळापत्रक पाहिलं.

वरंध

भोरवरून वरंध घाटाने उतरणारा रस्ता लांबचा आहे, वळणांचा आहे, आणि मला लांबचाच रस्ता हवा होता. माथ्यावर देवीच्या देवळाजवळ गाडी थांबली. तिथे टपऱ्यांवर कांदाभजी मिळते आणि समोर इतकी खोल दरी आहे की भजी गार होईपर्यंत माणूस खाली बघत राहतो. मीही बघत राहिले. तेवढ्यात माझ्या मांडीवरची पिशवी हलकी झाली. सरांसाठी घेतलेला अर्धा किलो बाकरवडीचा डबा एका थोराड माकडिणीने उचलला होता. कठड्यावर बसून तिने झाकण काढलं, अगदी सराईतपणे, एक बाकरवडी हुंगली आणि मग सगळ्या खानदानाला बोलावलं.

शेजारी वरंधची एक बाई बसली होती, माहेरी जाऊन परत निघालेली. ती हसून हसून पदराने डोळे पुसत होती.

"पुण्याचं पार्सल पुण्याच्या मानसाला नाय पचत, मग मर्कटास्नी कसं पचंल गो!" मग तिने चौकशीला सुरुवात केली. "कुनाची तू? जातेस कुठं?"

पुण्यात माझ्या जिन्यात राहणाऱ्या माणसाला माझं आडनाव माहीत नाही. इथे दहा मिनिटांत या बाईला माझं माहेर, बापाचं कापडाचं दुकान, ते कधी विकलं आणि माझं लग्न का झालं नाही, एवढं सगळं कळलं. शेवटी मी काय काम करते हेही सांगितलं. तिने थोडा विचार केला.

"बर्फ वितळनार हे तर समद्यांना ठावं हाय. त्याचा हिशोब कशापायी?"

"किती लवकर वितळेल, ते कळायला."

"मंग कळलं का?"

"एकदा चुकला हिशोब."

"चुकायचाच," ती समजुतीने म्हणाली आणि वरंधच्या फाट्यावर उतरून गेली. जाताना तिने मला आपल्या पिशवीतले दोन आवळे दिले. सरांना द्यायला माझ्याकडे आता तो छापील लेख आणि दोन आवळे एवढंच राहिलं होतं.

महाड

महाडला माझं आता घर नाही, पण शबाना आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या नवऱ्याचे दोन ट्रक आहेत, दीर कुवेतला आहे, आणि घरात कुवेतचा एक एवढा मोठा टीव्ही आहे की दिवाणखान्यात बसलं तर मान मागे करावी लागते. शबानाने सांदणं केली होती. तांदळाची, वाफवलेली, नारळाच्या दुधाबरोबर खायची. आमच्या घरी सांदण म्हणजे फणसाचं आणि उन्हाळ्यातलं. लहानपणी यावरून आमची भांडणं झाली होती, खरं सांदण कोणाचं म्हणून. या वेळी मी सात खाल्ली आणि हार मानली.

दोन दिवस मी महाडमध्ये हिंडले. बाजारपेठेतलं आमचं दुकान आता मोबाइलचं झालंय. जिथे बाबा लट्ठ्याचे तागे उलगडायचे तिथे एक काचेचं कपाट आहे. ओळखीचे लोक भेटत होते, चहा होत होता, आणि रोज संध्याकाळी शबाना विचारत होती, "कापड्याला कधी जाणार?" सर निवृत्त झाल्यावर पोलादपूरपलीकडे कापडे या आपल्या गावी राहायला गेले होते. तिचीही त्यांची चार-पाच वर्षांत गाठ नव्हती.

"उद्या," मी म्हणायचे.

दुसऱ्या संध्याकाळी तिने चहाचा कप माझ्यापुढे आदळला. "तू सरांना घाबरतेस. दहावीत घाबरायचीस तशीच."

"दहावीत तू घाबरायचीस. मला पैकीच्या पैकी मिळायचे."

"म्हणूनच आता घाबरतेस."

मग आम्हाला दोघींनाही सरांचा लाल खडू आठवला. सरांच्या खिशात पांढऱ्या खडूबरोबर एक लाल खडू असायचा. फळ्यावर गणित सोडवताना त्यांची स्वतःची चूक झाली, की ते ती गुपचूप पुसत नसत. लाल खडूने त्यावर फुली मारायचे, वर्गाकडे वळून म्हणायचे, "उतेकर, एक मार्क वजा," आणि मग पुढची पायरी. वर्ग हसायचा. तेही हसायचे. पण फुली तासभर फळ्यावर राहायची. असा मास्तर मी नंतर कुठे पाहिला नाही, आणि मी बऱ्याच मोठ्या ठिकाणी शिकले आहे.

मी शबानाला पत्र दाखवलं. ती चौथ्या पानावरच्या एका नावापाशी थांबली. "हा इब्राहिम म्हणजे आमचे दासगावचे मामू. होडीवाले."

म्हणजे टाळाटाळीला आणखी एक दिवस मिळाला.

दासगाव

दासगाव महाडपासून जवळच, सावित्रीच्या काठी. नदी म्हणायची, पण तिथवर खाडीचं पाणी चढतं. सहा तास आत, सहा तास बाहेर. मी पोचले तेव्हा ओहोटी संपत आली होती. काठाचा चिखल चकाकत होता, बगळे त्यात पावलं मोजत चालले होते आणि इब्राहिममामू धक्क्यावर बसून दोर वळत होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी.

"सरांची पोरगी तू?" मी ओळख सांगितल्यावर ते म्हणाले. मी 'विद्यार्थिनी' म्हणणार होते, म्हटलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. माझा प्रबंध पोचला त्या महिन्यापासून सर दर रविवारी कापड्याहून दोन एस.टी. बदलून इथे यायचे. पिशवीत सोललेले दोन नारळ, मनगटावर घड्याळ, हातात वही. धक्क्यापाशी नारळ पाण्यात सोडायचा, खाली कातळावरच्या खांबापाशी पोचेपर्यंत किती वेळ लागतो ते लिहायचं, भरतीला उलट, खांबापासून धक्क्यापर्यंत, आणि मामूंनी होडीने जाऊन नारळ परत आणायचा. दर अर्ध्या तासाने. भरती पुरी, ओहोटी पुरी.

"उन्हातान्हात बसायचे. मी बोललो, सर, येवढं काय हाय त्या नारळात? तर बोलले, इब्राहिम, माझी पोरगी बर्फाचं गणित करते, तिला पानी कसं पळतं ते कळवायला हवं. एक नारळ तर माझ्या हातनं सुटला तो गेला बाणकोटला. मी बोललो, सर, तुमचं पत्र गेलं बघा समुद्रात."

मामू हसले. मला हसता आलं नाही.

मग त्यांनी मला ती गोष्ट दाखवली, जी मी चौथ्या पानावर वाचली होती. होडी ज्या दोराने बांधलेली होती तो धक्क्याच्या दगडी कडेवर घासला जात होता. भरतीला होडी त्याला आत ओढायची, ओहोटीला बाहेर. दोर दोन्ही बाजूंनी विरला होता, आतले धागे पिंजून बाहेर आले होते. "दर दोन महिन्याला नवा लागतो," मामू म्हणाले.

सरांनी लिहिलं होतं: 'भरतीला नारळ आत जातो, ओहोटीला जवळपास तेवढ्याच वेगाने बाहेर येतो. एक वेग अधिक धरला तर दुसरा उणे. महिन्याची सरासरी काढलीस तर शून्य. तुझ्या समीकरणात शून्य घातले की दासगावची खाडी डबक्यासारखी निवांत होते. मग इब्राहिमच्या होडीचा दोर का झिजतो? घासण्याला दिशा नसते. अधिक तीनचा वर्ग नऊ, उणे तीनचा वर्गही नऊच. आधी वर्ग कर, मग सरासरी काढ.'

माझी चूक नेमकी हीच होती. बर्फाखालच्या प्रवाहाची मी महिन्याची सरासरी घेतली होती, कारण छापील तक्त्यांत तीच मिळायची आणि सगळेच ती घ्यायचे. त्या सरासरीत भरती-ओहोटी एकमेकींना खाऊन टाकतात. कागदावर पाणी शांत, आणि प्रत्यक्षात ते रात्रंदिवस बर्फाला घासतंय. ज्या मुलीच्या शाळेपासून ही खाडी सायकलच्या अंतरावर होती, तिने ही चूक करावी! दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला सोडलं नसतं.

"मग सर यायचे कधी थांबले?" मी विचारलं, उत्तर मला जवळजवळ ठाऊक असून.

"पोस्टकार्ड आलं तवा." मामूंनी दोराला पीळ दिला. "शेवटच्या रैवारी आले. नारळ पन नव्हते आणले. बोलले, इब्राहिम, माझा हिशोब चुकला. मोठ्या मानसांची पद्धत येगळी हाय, आपल्याला ती कळत नाय. चा पिऊन गेले. ते गेले ते गेलेच."

मामूंनी आत हाक मारून एक नारळ मागवला, सोललेला. "त्यांना दे. बोल, होडी हाय अजून."

कापडे

चौथ्या दिवशी सकाळी पोलादपूरची गाडी धरली. तिथून कापड्याची. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, मधल्या शेतांत भात कापून झालेलं, पेंढ्याच्या उडव्या उभ्या, आणि उरलेल्या ओलीवर वाल उगवून आलेले. सुंदर दिसत होतं सगळं. मी तोंडाने वाक्यं पाठ करत होते. 'सर, तुमचं बरोबर होतं.' 'सर, माझं चुकलं.' यातलं आधी कुठलं म्हणायचं ते ठरत नव्हतं.

सर ओटीवर बसले होते. मी अंगणात आले, चपला काढल्या, समोर उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होते आणि ओळखत नव्हते. मला वाटलं, रागावले आहेत.

"सर, मी मंगल."

चेहरा एकदम उजळला, पण मान माझ्या आवाजाकडे थोडी चुकून वळली. तेव्हा मला कळलं.

"ये, ये! अगो ऐकलंस का, मंगल आली, बर्फवाली!" त्यांनी आत हाक दिली. काकी पदराला हात पुसत आल्या.

"काचबिंदू," माझ्या तोंडाकडे बघून त्याच म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. आता उजेडबी कळत नाय."

माझ्या पिशवीत बारा पानांचा छापील लेख होता. तो मी बाहेर काढलाच नाही. नारळ काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांवर घेतला, अंदाज घेतला, शेंडीवरून अंगठा फिरवला.

"इब्राहिम," ते म्हणाले. "दासगावला गेली होतीस?"

मग मी सांगितलं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. पहिलंच पान वाचलं होतं हे सांगितलं, जहाजाचं सांगितलं, तीन वर्षांचं सांगितलं, आभारांच्या यादीचंही सांगितलं. सर नारळ मांडीवर धरून ऐकत होते. मध्ये एकदाच म्हणाले, "म्हणजे बर्फ जास्त वितळत होता?"

"हो सर."

"किती जास्त?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, उत्तर जुळल्यावर हलवायचे तशी.

"ट्रंकेतली वही आण," ते काकींना म्हणाले.

शंभर पानी, पुठ्ठ्याची वही होती. 'दासगाव खाडी, भाग पहिला.' पानामागून पान नारळाच्या वेळा. शेवटी पत्राचं कच्चं काम, तीच गणितं. त्यावर, पानभर, लाल शाईची फुली. खाली ० / १०, आणि 'उतेकर' अशी सही. समोरच्या पानावर माझं पोस्टकार्ड चारही कडांना खळ लावून नीट चिकटवलेलं. 'सर्वमान्य' हा शब्द माझ्याच अक्षरात माझ्याकडे बघत होता. मला रडू आलं ते मी आवरलं नाही. काकींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"वाच," सर म्हणाले. "पायरी सोडू नकोस."

मी वाचू लागले. त्यांचं बोट गुडघ्यावर फिरत होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं. पुढे एका पायरीत एक बारीक चूक होती, ती मी पुण्यातच पाहिली होती. निकाल त्याने बदलत नव्हता, आकडा तेवढा बदलत होता. ती न अडखळता वाचून पुढे जायचं मी ठरवलं होतं, आणि गेलेही.

"थांब." बोट थांबलं. "मागे जा. भरती सहा तास एकाच वेगाने धावते होय? सुरुवातीला मंद, मध्ये जोर, शेवटी परत मंद. मी सगळीकडे मधला जोर धरलाय. वर्गाची सरासरी निम्मी यायला हवी. दोनने भागायचं राहिलं."

"हो सर."

"तुला दिसलं होतं?"

"हो सर."

"मग बोलली का नाहीस?" पहिल्यांदा आवाज चढला. "तेव्हा न बघता चूक म्हणालीस, आता बघून बरोबर म्हणतेस. दोन्ही वेळी गणित तपासलंस कुठे? लाल पेन आहे?"

माझ्या पर्समध्ये होतं. सवय त्यांचीच.

"शून्य खोड. एक मार्क वजा. नऊ लिही. सही तुझी कर, तपासणारी तू."

मी लिहिलं. नऊ वाकडा आला. त्यांना तो दिसणार नव्हता, तरी मी तो गिरवून सरळ केला.

जेवायला नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं आणि कुळथाची पिठी होती. सरांनी पुण्यातल्या पावसाची चौकशी केली, शबानाची केली, माकडिणीची गोष्ट दोनदा सांगायला लावली. बर्फ कसा दिसतो, असं विचारलं. मी तो कधी पाहिलेला नाही म्हटल्यावर खूप हसले. "म्हणजे आता आपण दोघं सारखे!" काकी हसल्या नाहीत. हात धुताना मी म्हटलं, "सर, आधी यायला हवं होतं मी."

"हो," सर म्हणाले. "दिसत होतं तेव्हा यायला हवं होतंस. अजून थोडं करता आलं असतं." ते रागाने बोलले नाहीत. विचारलं म्हणून उत्तर दिलं, एवढंच.

गाडीच्या वेळेला काकी रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. पदराआडून त्यांनी आणखी एक वही काढली. "ही पन घेऊन जा गो. कोरीच हाय. ते म्हनतात रद्दीत घाल, माझ्यानं घालवत नाय."

पोलादपूर गेलं, महाड गेलं, वरंध घाट सुरू झाला, तेव्हा ती उघडली. वर सरांच्या अक्षरात 'दासगाव खाडी, भाग दुसरा' असं होतं. आत तारीख, वेळ, भरती, ओहोटी असे रकाने पट्टीने आखलेले होते, निळ्या आणि लाल रेघांनी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्यांत एकही आकडा नव्हता.